सळईची बाजू

वेंडेल हुडाकला खोट्या जुनेपणाचा भारी तिटकारा होता. दुकानातून फाटकी जीन्स विकत आणणारी माणसं त्याला बघवत नसत. सुनेनं स्वयंपाकघरात एक नवं टेबल आणलं होतं, त्यावर कारखान्यातच साखळ्या आपटून पोचे पाडलेले. तर या गृहस्थानं त्या टेबलावर कधी कोपर म्हणून टेकला नाही. "मी जन्मभर जुन्या वस्तू घासून घासून नव्या केल्या," तो म्हणायचा, "आणि आता लोक पैसे मोजून नव्या वस्तूंना मार खायला लावतात. थू!"

हे 'थू' नुसतं तोंडातलं नसायचं. थुंकायला जागा असली तर तो खरंच थुंकायचा.

खऱ्या घाणीचं मात्र त्याला काही वाटत नसे. ओहायो नदीच्या काठच्या त्या गावात शाळेच्या पिवळ्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. पोरांच्या ओकाऱ्या, सीटखाली चिकटवलेलं च्युइंगगम, इंजिनाच्या पोटातलं काळंकुट्ट तेल, सगळ्यात तो दोन्ही हात घालून बसायचा आणि वर तोंडानं पोल्का नाचाची धून गुणगुणायचा. घाण खरी असली की ती धुता येते, असं त्याचं साधं गणित होतं.

लढाईबद्दल कुणी विचारलं तर त्याचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "मी तिकडे ट्रक दुरुस्त करायचो." व्हिएतनाम हा शब्दसुद्धा तो उच्चारत नसे, नुसतं 'तिकडे'. हे खोटं आहे हे त्याच्या बायकोला, बेव्हर्लीला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. ट्रक दुरुस्त करणारा माणूस रात्री असा ओरडत उठत नाही. पण ती शहाणी बाई. तिनं ते खोटं नीट घडी घालून ठेवलं आणि तशीच एक दिवस गेली.

ती गेली आणि घरातलं बोलणंच संपलं. मुलगा कर्ट विमा कंपनीच्या कचेरीत होता, मऊ हातांचा, मनानं चांगला. दर रविवारी फोन करायचा. पाऊस आहे का, आहे. गुडघा कसा आहे, आहे. मग दोघंही रिसीव्हर धरून एकमेकांचा श्वास ऐकत बसायचे आणि कुणीतरी "बरं मग" म्हणायचं.

आणि एका हिवाळ्यात कर्ट फोन करायचा थांबला आणि स्वतःच यायला लागला. येताना पाव आणायचा, बापाबरोबर अंडी खायचा आणि मोठ्या उत्साहानं काहीबाही विचारायचा. लोखंडावरचा काळा रंग हळूहळू कसा उडवायचा? दस्त्याचं प्लास्टिक उन्हानं विटल्यासारखं कसं दिसेल? "गॅरेजमध्ये काहीतरी जुळवतोय मी," एवढंच म्हणायचा. वेंडेलला वाटलं, हरणाच्या शिकारीसाठी जुनी बंदूक घेतली असेल, घेऊ दे. त्यानं भराभरा उत्तरं दिली. पोरगा समोर बसून ऐकतोय, याचंच त्याला इतकं अप्रूप होतं, की रविवारी सकाळपासून तो खिडकीत जाऊन जाऊन रस्ता बघायचा.

ऑक्टोबरात वेंडेलला एकोणसत्तर पूर्ण झाली. कर्टच्या घरी जेवण होतं. सुनेनं, ट्रिशानं, हुडाकांच्या घरची पद्धत म्हणून कोबीच्या पानात गुंडाळून खिमा-भात केला होता. केक कापायच्या आधी कर्ट आत गेला आणि हिरव्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट दोन्ही हातांवर घेऊन आला.

"उघडा, बाबा."

वेंडेलनं घोंगडी बाजूला केली. आत एम-सोळा होती, तिकडची लष्करी बंदूक. सदुसष्ट सालची.

सदुसष्ट सालची नव्हती अर्थात. कर्टनं सुट्टे भाग कुठून कुठून मिळवून ती घरी जुळवलेली होती. लष्करातली भडाभडा सुटायची, ही चाप ओढला की एकच गोळी टाकते, म्हणून कायद्यानं घरात ठेवता येते. बाकी सगळं तेच. तोंडाशी तोच तीन दातांचा काटा, तोच आत सळई ठेवायला पोकळी नसलेला दस्ता. आणि हात जिथे धरतात तिथे काळा रंग उडून खालचं लोखंड उघडं पडलेलं.

"ही तुमच्या हाताची जागा," कर्ट म्हणाला. "तारेच्या काथ्यानं घासलीय. डोलोरेस आत्याकडे तुमचा फोटो मिळाला मला. उघड्या अंगानं उभे आहात आणि हातात ही. ट्रक दुरुस्त करत होता म्हणे! बाबा, तुम्ही पण ना! सगळं त्या फोटोवरून केलंय. एकेक ओरखडा. ही सळईसुद्धा बघा."

नळीच्या डाव्या बाजूला, प्लास्टिकच्या आवरणाला लागून, काळ्या चिकटपट्टीनं एक बारीक लोखंडी सळई बांधलेली होती. बंदूक साफ करायची सळई.

वेंडेलला ती परत घोंगडीत गुंडाळून टाकावीशी वाटली. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या हातांना काही वाटलं नाही. त्यांनी त्याला न विचारता ती बंदूक उचलली, मागचा खटका ओढला, आत गोळी नाही हे पाहिलं, परत सोडला. खट्. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! वेंडेलला स्वतःच्या हातांची शिसारी आली. तो उठला, न्हाणीघरात गेला आणि कढत पाण्याखाली ते घासत राहिला.

"भरून आलं त्यांना," बाहेर ट्रिशा हळूच म्हणाली.

भरून कसलं येतंय! वेंडेलला ओकारी येत होती. पोरानं त्याच्या आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी वस्तू हुबेहूब, प्रेमानं, तारेच्या काथ्यानं घासून घासून बनवली होती. बाहेर जाऊन "उचल ती आणि गटारात टाक" म्हणायला त्याला फक्त दार उघडायचं होतं. पण मग पुढचा रविवार? पाव, अंडी, ते प्रश्न? परत तो फोन आणि ते "बरं मग"? पोरानं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काहीतरी करून बापापुढे धरलं होतं. वेंडेल हात पुसून बाहेर आला.

"छान जमलीय," तो म्हणाला. केक त्यानं नुसता काट्यानं उकरला.

"शनिवारी आमच्या क्लबचा मेळावा आहे," कर्ट म्हणाला. "सगळे आपापल्या जुळवलेल्या घेऊन येतात. हुबेहूब कोणाची, ते बघतात. मी सांगून टाकलंय की पहिली गोळी बाबा झाडणार. याल ना?"

"येतो की," वेंडेल म्हणाला.

मेळावा गावाबाहेर नेमबाजीच्या मैदानावर होता. पहिलं बक्षीस डुकराची आख्खी भाजलेली मांडी. वेंडेल पिकअपमधून उतरला आणि जागच्या जागी थांबला. तिथे त्याच्या मुलाच्या वयाचे पुरुष हिरव्या लष्करी कपड्यांत हिंडत होते. पोटं सुटलेली, गाल गुळगुळीत. जुन्या शिध्याचे डबे कुठून तरी मागवून आणलेले, ते उघडून एकमेकांना वास घ्यायला देत होते. एकानं बुटांना ओली लाल माती फासली होती. ही माती इथली नाही हे वेंडेलनं लांबूनच ओळखलं. विटांचा चुरा कालवला असणार. फरशा बसवायचा धंदा करणारा चेट नावाचा एकजण हेल्मेट घालून होता. हेल्मेटवर पेनानं महिन्यांची नावं लिहून त्यातली निम्मी खोडली होती, घरी जायला किती उरले ते सैनिक मोजतात तशी. ते युद्ध संपलं तेव्हा चेटचा जन्मसुद्धा झालेला नव्हता.

"उरलेले महिने कुठे काढणार आहेस बाबा?" वेंडेलनं त्याला विचारलं. "सासुरवाडीला?"

चेट मनमुराद हसला. "काका भारी आहेत हं!" त्यानं सगळ्यांना सांगितलं. सगळे काका काका करत गोळा झाले. हस्तांदोलनं झाली. कुणीतरी "तुमच्या सेवेबद्दल आभार" म्हणालं, आणि लगेच विचारलं की कमरपट्ट्याचं बक्कल पितळी होतं का काळं. वेंडेलला त्या हातांचा मऊपणाही किळसवाणा वाटत होता, पण कर्ट शेजारी छाती काढून उभा होता, म्हणून तो गप्प राहिला.

परीक्षक म्हणजे मोझर नावाचे दातांचे डॉक्टर. त्यांनी लांब टेबलावर कर्टची बंदूक आडवी ठेवली आणि भिंग लावून सुरुवात केली. दाताची कीड शोधावी तसे ते इंचाइंचानं सरकत होते. "काटा बरोबर. दस्ता बरोबर. घासलंय सुंदर, वा!" कर्टचे कान आनंदानं लाल झाले. मग डॉक्टर सळईपाशी थांबले.

"ही डावीकडे का?"

"फोटोत डावीकडेच आहे," कर्ट म्हणाला.

"फोटो उलटा छापला गेला असेल. माझ्याकडे जेवढे आहेत, त्यात उजवीकडे आहे."

"छे छे," चेट मध्ये पडला, "उजवीकडे बांधली तर झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या उडून त्यावरच आपटतील. डावीकडेच."

"पुंगळ्या तिथपर्यंत पुढे येतच नाहीत! तू कधी नीट बघितलंयस का?"

"चिकटपट्टी तरी हीच होती का? मला वाटतं हिरवी."

बघता बघता सात-आठजण जमले आणि डावीकडे, उजवीकडे अशी हमरीतुमरी सुरू झाली. एकानं फोन काढून कुणाचा तरी फोटो दाखवला. फोटोतल्या पोराचं तोंड त्यानं दोन बोटांनी बाजूला सरकवलं आणि सळई मोठी केली. वेंडेलनं ते पाहिलं. तोंड सरकवलं!

"अहो, भांडताय काय?" चेट ओरडला. "हे काय, उभे आहेत की प्रत्यक्ष! काका, तुम्हीच सांगा. सळई कोणत्या बाजूला होती?"

कर्टनं बापाकडे पाहिलं. सांगा ना बाबा, असे त्याचे डोळे होते. डावीकडे म्हटलं असतं की झालं होतं. मांडी घरी आली असती, रविवारी पावाबरोबर खाल्ली असती.

"कुठल्याच बाजूला नव्हती," वेंडेल म्हणाला. "एर्लच्या हातात होती. अर्धी हातात आणि अर्धी त्याच्या नळीत."

"म्हणजे?" मोझर म्हणाले.

"म्हणजे, गोळी सुटली की तिची पुंगळी आतच अडकून बसायची. समोरून सळई घालायची, ठोकून ती काढायची, तेव्हा कुठे पुढची गोळी. हातात देताना आम्हाला सांगितलेलं, ही साफ करावीच लागत नाही. आख्ख्या तुकडीत सळई एक, ती माझ्याकडे. एर्लची अडकली. ओरडला, वेंडी, फेक! मी दातानं पट्टी तोडली आणि फेकली. झेलली त्यानं. हसला पण. आणि दोन्ही हातांनी ठोकत बसला. दोन्ही हात त्यात गुंतलेले. समोरून आले ते चालत आले. पळायचीसुद्धा गरज पडली नाही त्यांना."

चेटनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"मग एक कडक इस्त्रीच्या कपड्यांतला साहेब आला हेलिकॉप्टरनं. म्हणाला, पोरं बंदुका घाण ठेवतात, म्हणून मरतात." वेंडेल कर्टकडे वळला. "दुसरी सळई नव्हती. मी एर्लच्या नळीतनं तीच ओढून काढली, पुसली आणि परत माझ्या बंदुकीला चिकटवली. तुझ्या आत्याकडचा फोटो त्यानंतरचा आहे."

मोझरांनी भिंग हळूच खिशात घातलं. शेवटी चेट पुढे सरकला.

"सॉरी हं काका. फारच... म्हणजे, वाईट झालं." तो जरा घुटमळला. "पण मग परत चिकटवलीत ती डावीकडेच ना?"

वेंडेलनं थुंकायला जागा शोधली. चेटचे विटांचा चुरा फासलेले बूट समोरच होते. तो तिथे थुंकला.

कर्टनं टेबलावरची बंदूक उचलली. तो चिकटपट्टी नखानं उकरायला लागला. ती निघेना. उन्हानं डिंक पाघळून बोटांना लागत होता.

"नखानं निघत नाही ती," वेंडेल म्हणाला.

कर्टनं बापाकडे पाहिलं. मग मान खाली घालून पट्टी दातात धरली आणि तोडली. सळई त्यानं हातात घेतली, बंदूक तशीच काखेत मारली आणि कुणाकडे न बघता पिकअपकडे चालू लागला. मागून कुणीतरी हळूच बक्षिसाचं काहीतरी विचारलं. त्याला दुसऱ्यानं गप्प केलं.

गाडीत बसल्यावरही कर्टनं किल्ली फिरवली नाही. त्याच्या ओठाला काळा डिंक लागला होता. बंदूक मागे हिरव्या घोंगडीत होती, सळई त्याच्या मांडीवर. नवी कोरी, तेलाचा वास येणारी, एकदाही नळीत न गेलेली.

"बाबा, मी हे बनवत बसलो होतो," तो म्हणाला. "हिवाळाभर."

"तुला काय माहीत होतं?"

"तुम्ही सांगितलं असतंत तर."

वेंडेलनं खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. "तोंड पूस. चव जात नाही लवकर त्याची."

कर्टनं ओठ पुसले. "एर्ल कोण होता?"

वेंडेल काचेतून समोर पाहत राहिला. मैदानावर कुणीतरी पहिली गोळी झाडली. टाळ्या झाल्या.

"मेन राज्यातला होता," तो म्हणाला. "बटाट्याची शेती होती त्यांची. कांदा अजिबात खायचा नाही. त्याच्या वाटणीचा कांदा मी खायचो."