उघडं आणि खुलं

"मावशी, तुमचं बोलणं आता सगळ्यांसाठी उघडं होणार आहे," मी देवगावला जाऊन सांगितलं. माझा पीएचडीचा प्रबंध विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत जाणार होता, म्हणजे इंटरनेटवर, कुणालाही फुकट वाचता येईल असा. मला आधी 'ओपन' आठवतं, मराठी शब्द मागून शोधावा लागतो. तो असा सापडला.

शेंगा फोडणारे मावशींचे हात थांबले. "मला उघडं पाडतीस का काय गं?"

"अहो आत्या, खुलं म्हनायचंय तिला," त्यांची सून आतून हसत म्हणाली. "इंग्रजी शाळेतली हाय ती."

मीही हसले. पण मावशींचाच शब्द बरोबर होता.

माझा विषय हक्कसोड. वडिलांच्या जमिनीतला वाटा भावांच्या नावे सोडून देणाऱ्या बहिणींशी मी बोलले होते. सही मनातून केली नव्हती, असं त्यांच्यातल्या एकट्या मावशींनीच सरळ सांगितलं. "मला बी हिस्सा पाहिजे होता. पन मागितला असता तर माहेर तुटलं असतं." नाव मी बदललं होतं. गाव तसंच ठेवलं होतं, आणि त्यांची बोलण्याची ढबही. ती मला फार आवडायची.

"माझ्या भावानं वाचलं तर?"

"इंग्रजीत आहे, मावशी."

"मग कोन वाचतंय! टाक खुशाल."

प्रबंध इंग्रजीतच होता. मुलाखती मात्र शेवटी जशाच्या तशा मराठीत जोडल्या होत्या. त्यांच्या भावाचा मुलगा आमच्याच विद्यापीठात शिकतो, हेही मला माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. निघताना त्यांनी पिशवीभर शेंगा दिल्या. त्या मी घेतल्या.

मुलाखती बंद ठेवता येतील का, असं मी गाइड मॅडमना चाचरत विचारलं. "त्याच तर गाभा आहेत," त्या म्हणाल्या. "कुलपात ठेवल्यास तर पुढच्या मुलींनी काय वाचायचं?" हे मला पटत होतं, अजूनही पटतं. माझं काम कुणीतरी वाचावं, ही हावही होतीच. प्रबंध पूर्ण खुला झाला. लिंक उघडून फाइल मी स्वतःच दोन-तीनदा उतरवून पाहिली.

मग एका संध्याकाळी क्रांती चौकात सिग्नलला थांबले असताना शेजारच्या मोटारसायकलवरची दोन मुलं देवगावच्या बोलीत काहीतरी बोलत होती. विषय क्रिकेटचा होता. तरी मी ओढणी तोंडावर ओढून घेतली.

दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयात अर्ज केला आणि मुलाखतींची फाइल बंद करून घेतली. तिथले सर समजूतदार होते. "बंद केली," ते म्हणाले, "पण ज्यांनी उतरवून घेतली, त्यांच्याकडे राहणारच." स्क्रीनवर डाउनलोडचा आकडा होता. त्यातले काही माझे होते, सगळे नव्हते.

मी मावशींना फोन केला. मुलाखत मराठीत होती, चूक माझी होती, हे सांगितलं. पलीकडे शेळी ओरडत होती.

"आता काढलंस ना?"

"हो."

"मग झालं तर. भाऊबीजेला यायचाय त्यो. जेवलीस का?"

"हो," मी म्हणाले. डाउनलोडचं सांगितलं नाही.