नोंदीतलं देऊळ

भिंतीवर नोटीस चिकटली त्या दिवशी माझा प्रार्थनेवरचा विश्वास उडाला, असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो आधीपासूनच बेताचा होता. मी सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होते. नकाशे काढण्यात आणि साहेबलोकांशी भांडण्यात नोकरी संपली. रविवारी उपासनेला जायचे, पण ती आईनं लावलेली सवय. मंडळीत कुणी साक्ष द्यायला उठलं, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगू लागलं, की मी घड्याळाकडे बघायचे. नोकरी लागली ती प्रभूची कृपा, मुरगळलेला पाय बरा झाला तीही प्रभूची कृपा. मग मुळात मुरगळू तरी कशाला दिला, असं माझ्या मनात यायचं.

रस्ता रुंद करायचा असून त्याच्या आड येणारं हे अनधिकृत बांधकाम पाडण्यात येईल, असं नोटिशीत होतं. हरकत असेल तर पुराव्यासह सुनावणीला हजर राहायचं. ते बांधकाम म्हणजे आमचं चर्च. सीवूड्सच्या मॉलवरून उरणच्या वाटेला लागलं की खाडीच्या कडेला टॉवरांच्या मधे जी जुनी गावं अंग चोरून उभी आहेत, त्यातल्या एका गावात ते आहे. ख्रिस्ती घरं जेमतेम चाळीस, बाकी गाव आगऱ्यांचं. माझे पणजोबा नगरकडून मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आले आणि मिठागरात राबणाऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवता शिकवता इथलेच होऊन गेले. चर्च बांधलं ते त्यांच्याच हयातीत.

आणि बांधलं कुणी? गावच्याच गवंड्यांनी. त्यांनी आयुष्यात चर्च पाहिलेलं नव्हतं. गोऱ्या पाद्र्यानं कागदावर टोकदार कमानी काढून दिल्या, त्या त्यांनी इमानेइतबारे उतरवल्या. पण बाकी सगळं आपल्या मनानं केलं. जोतं काळ्या दगडाचं, भिंतींना खाडीतले शिंपले भाजून केलेला चुना. पश्चिमेला घराला असते तशी पडवी, कारण पाऊस तिकडूनच मारतो. आणि उंबरठ्यावर चक्क कमळ कोरलेलं. मनोरा नाहीच, घंटा अंगणात दोन खांबांच्या मधे टांगलेली. लांबलचक प्रवचनं चालू असताना लहानपणापासून मी छताकडे बघत बसायचे. छपराची मधली तुळई, म्हणजे आढं, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक आहे. पुढे आरेखक झाल्यावर तर ते मला फारच खुपायला लागलं. कुठल्या सुतारानं ही हयगय केली असेल, असं मी कितीदा म्हटलं असेल.

नोटीस आली तेव्हा पंचमंडळींनी फाइल माझ्या हातात दिली. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही खात्यातल्या. आम्ही उपास-प्रार्थना करतो, तुम्ही कागदाचं बघा." मला मनातून बरंच वाटलं. शेवटी माझ्याशिवाय यांचं चालत नाही! हे नवं शहर वसण्याआधी ही इमारत उभी होती, एवढं सिद्ध केलं की काम फत्ते. मी भूमापनाच्या कचेरीत खेटे घालायला लागले. जुनी नोंदवही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. चर्चची नोंद कुठेच नव्हती. आमच्या जागेच्या नंबरापुढे पुसट शाईत एकच शब्द होता, देऊळ. मी कारकुनाला म्हटलं, "हे तर गावदेवीचं दिसतंय. नव्या मोजणीत नंबर सरकले असणार." तो म्हणाला, "तसंच असेल मॅडम." आणि त्यानं लेखी उत्तर दिलं की चर्चची नोंद आढळत नाही. त्या उत्तराचं निम्मं श्रेय माझं होतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

सुनावणी तीन दिवसांवर आली. हातात एकही कागद नाही. दुपारी मी एकटीच चर्चमध्ये जाऊन बसले, प्रार्थनेसाठी नव्हे, भांडायला. म्हटलं, देवा, तुझंच घर आहे, तुला चाड नसेल तर मी तरी किती धावू? माझे गुडघे गेलेत. या चार भिंतींत माझ्या आईबापाचं लग्न लागलं, माझ्या नवऱ्याची शवपेटी इथेच ठेवली होती. ते सगळं मातीत घालायचं असेल तर तसं सांग आणि मला मोकळं कर. मग मला रडू फुटलं. कागदांच्या मागे लागल्यापासून मी रडलेच नव्हते.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात लग्नाची पत्रिका घेतलेला एक म्हातारा उंबरठ्यावर उभा होता. "बाय, देऊल हेच नं? टावर झाल्यापासून वाट वलखत नाय," त्यानं विचारलं. "देवलामागं माझे भाचीचं घर हाय. हलद हाय तिचे पोरीची."

मी डोळे पुसून फटकारलंच. "देऊळ वरच्या आळीत आहे, बाबा. हे चर्च आहे."

तो हसायला लागला. "वरचे आलीन आई हाय, गावदेवी. तिला कोन देऊल म्हनतो? आयेकडं चाललो म्हनतात. ये गावान देऊल एकच, तुमचं. माझी आजी याच गावची, ती म्हनायची, देवलाची घंटा झाली, आता जेवान टाका."

मला वहीतला तो पुसट शब्द आठवला. माझी आई मरेपर्यंत "देवळात चल" असंच म्हणायची, आणि तिला दुरुस्त करणारी मीच! नवे फ्लॅट झाले तेव्हा लोक देऊळ विचारत यायचे, नारळ घेऊन आत शिरायचे आणि गोंधळून परत जायचे. मग पंचांनी ठरवलं की यापुढे 'चर्च'च म्हणायचं, आणि पाटी मी रंगवली. चर्चचं देऊळ झालं होतं कारकुनाच्या वहीत, आणि देवळाचं चर्च केलं होतं आम्ही. वहीत आमचंच नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते दुसऱ्याचं म्हणून परत केलं होतं.

म्हातारबाबा एव्हाना वर बघत होते. त्यांचं नाव हिराजी, उरणकडच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यातले जुने तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य खलाशी. "ही तर डोलकाठी हाय," ते म्हणाले. "मचव्याची. वर निमुलती जाते, बघ. कोनीतरी आपली होडी मोडून देवाला दिलेली हाय." ज्याला मी हयगय म्हणत आले, ते कुणाचं तरी दान होतं. आता मात्र मी त्यांच्यासमोरच हुंदके देऊन रडले. ते शेजारी बाकावर बसून राहिले, हळदीला उशीर होत होता तरी.

मी दुसऱ्याच दिवशी कचेरी गाठली आणि 'देऊळ' या नोंदीची नक्कल मागितली. पाळकसाहेबांनी कपाटातून बाप्तिस्म्याची पहिली वही काढली. तीत पणजोबांच्या वळणदार अक्षरात पानापानावर लिहिलं होतं, "येथील देवळात बाप्तिस्मा दिला." ही वही वर्षानुवर्षं त्याच कपाटाच्या वरच्या फळीवर पडून होती.

सुनावणीला हिराजीबाबा मोऱ्याहून आले. त्यांच्या भाचीचे सासरे गावदेवीच्या ट्रस्टचे अध्यक्ष, तेही आले. अधिकारी बाई तरुण होत्या, पण कागद बारकाईनं वाचणाऱ्या. त्यांनी विचारलं, "देऊळ म्हणजे चर्च, हे मी कशावरून मानू? उद्या गावदेवीवाले म्हणतील, ही नोंद आमची." मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष उठले. "म्याडम, आमची आई वर हाय, तिचा नंबर येगला हाय. ही नोंद आमची नाय. ती यांची हाय, आमच्या आज्यापासून यांचीच. लिहून घ्या, मी सही करतो." मग हिराजीबाबांनी डोलकाठीचं सांगितलं. बाईंनी नक्कल पाहिली, वही पाहिली, इमारतीचे फोटो पाहिले. आठवड्याभरात आदेश आला. बांधकाम शहराच्या आधीचं आहे, ते पाडू नये, रस्त्याची रेषा सरकवावी.

त्या रविवारी घंटेला दोर कमी पडला म्हणायची पाळी आली. वाजवायला निम्मं गाव जमलं होतं. वरच्या आळीच्या बायका हातातली कामं टाकून आल्या, माहेरी आलेली नवी नवरी हिरव्या चुड्याच्या हातांनी घंटेला लोंबकळली, कुणीतरी ढोलकी आणली आणि पेटीवर आमची स्तुतिगीतं अशी काही रंगली की पाळकसाहेबांना प्रवचन आवरतं घ्यावं लागलं. पडवीत उभं राहायला जागा नव्हती. टॉवरांच्या गॅलऱ्यांमधून लोक वाकून बघत होते. बघू देत. आम्ही जिंकलो होतो!

तो म्हातारा त्याच दुपारी, त्याच दारात का आला, याचा मी कीस काढत नाही. त्याला भाचीचं घर हवं होतं, एवढंच खरं. पण मी सगळी दारं ठोठावून थकले आणि हात टेकले, तेव्हाच ते घडलं, हेही तितकंच खरं. माझी धावपळ देवाला नको होती असं नाही. सुनावणीला नकला लागल्याच. मात्र ती धावपळ माझ्या हातून सुटल्याशिवाय मला दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं.

गीतं संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" माझे गुडघे करकरले, पण मी उठले. सगळ्यांना वाटलं, आता बाई कचेरीतल्या लढाईची गोष्ट सांगणार. आईच्या बाकाचा कठडा धरून मी म्हणाले, "या देवळासाठी मी काही केलं नाही." आयुष्यभर प्रत्येक कामाचं श्रेय मोजून घेणारी मी, पण हे वाक्य म्हणताना माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.