मुराळी

आमची मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, कुठेही बसली तरी तोंड नदीकडे करूनच बसायची. पीठ चाळतानासुद्धा. मांजरेच्या अलीकडे आमचं बुद्रुक, पलीकडे खुर्द, आणि खुर्दात तिचं माहेर.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही युसूफ वडगावला एसटीतून उतरून गावी जायचो. बुद्रुकातलं महादेवाचं जुनं देऊळ बघायला लांबून पाहुणे यायचे. मोठी आई त्यांना घाटावर नेऊन आधी पलीकडची गढी दाखवायची. "देऊळ कुठं पळतंय? ती गढी बगा. तिच्या बुरजाखाली लिंब हाय, तितं आमचं घर." अर्ध्याहून जास्त आयुष्य सासरी काढलं, तरी तिचं ‘आमचं घर’ तेच.

पण ती तिकडे जायची नाही. तिच्या लेकाच्या लग्नात गडबडीत मामाच्या मानाचा फेटा आधी दुसऱ्याच पाहुण्याला बांधला गेला. तिचा भाऊ न जेवता उठून गेला, आणि तेव्हापासून बहिणीला माहेरी न्यायला मुराळी पाठवणं त्याने बंद केलं. एवढ्याशा कापडापायी. पुढे नदीवर पूल झाला, घरोघरी मोबाइल आले. मी एकदा म्हणाले, "तूच फोन कर ना मामांना." ती म्हणाली, "फोनवर मुराळी येत न्हाई, बाई. आपल्या पायानं गेलेली पाव्हणी असती, मुराळ्यासंगं गेलेली लेक."

तरी दर पाडव्याला ती माहेरी न्यायची पिशवी भरायची. एक लुगडं आणि भाच्यांसाठी करंज्या. भाऊबीज उलटली की त्या करंज्या आम्हा पोरांना मिळायच्या. मोठी आई दिवाळीत दोनदा फराळ देते म्हणून आम्ही खूश. त्या कुणाच्या होत्या हे फार उशिरा कळलं.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी ती गेली. पिशवी भरून खुंटीला लावलेली होती. बाईमाणसाच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, म्हणून खुर्दाला निरोप धाडला. म्हातारा भाऊ लुगडं काखेत धरून पुलावरून चालत आला. ते त्याने तिच्या अंगावर घातलं, उशाशी बसला आणि हळूच म्हणाला, "आक्का, ऊठ. न्यायाला आलोय."

त्याला चार शब्द सुनावायचे असं मी ठरवून बसले होते. पण उठले आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले.

सगळं उरकल्यावर खुंटीवरची पिशवी कुणासाठी ते त्याला कळलं, तेव्हा त्याने ती मागून घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून पूल ओलांडला. मोठी आई माहेरी गेली ती एवढीच.