कोतवाल ओरडला की बसायचं

माझं गाव म्हशाच्या अलीकडे, तालुका मुरबाड. फौजेतला नायक बाळू आमच्याच भागातल्या उंबरमाळीचा. आमची पोस्टिंग जम्मूच्या डोंगरात होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. तो माझा पुढचा स्काउट, गस्तीत सगळ्यांच्या पुढे चालणारा.

तिथल्या रानातही आपल्याकडचे पक्षी होते. बाळू मला दाखवायचा. खाली सातभाई पाचोळा उचकटतात, वर फांदीवर काळा कोतवाल बसतो. पाचोळ्यातून उडालेला किडा त्याचा, बदल्यात पहाराही त्याचा. शिकारी दिसला की तो ओरडतो. पण लबाड आहे. कधीकधी खोटंच ओरडतो आणि सातभाई पळाले की त्यांचा किडा उचलतो.

"मग भरवसा कसा ठेवायचा?" मी विचारलं.

"रानात हा वरडला की माझा बाबा कोयता खाली ठेवून बसतो. तो गप होईस्तवर उठत नाय. खोटा वरडला तरी बसून काय जातंय?"

त्या दिवशी सकाळी सात चाळीसला आम्ही नाल्याच्या काठाने गस्तीवर निघालो होतो. कोतवाल ओरडला. बाळूने हात वर केला आणि खाली बसला. मागे आम्ही चौघेही बसलो. दहा मिनिटं गेली. वायरलेस सेटवर आवाज आला, "लोकेशन बताओ. देर क्यों? ओव्हर."

मला लाज वाटली. पाखरासाठी थांबलोय, हे सेटवर कुठल्या तोंडाने सांगणार?

"खोटं ओरडतंय ते. ऊठ, बाळू."

"दादा, अजून गप नाय झाला."

"ऑर्डर आहे. मूव्ह."

तो उठला. वीस पावलं चालला असेल. सात एकावन्नला पहिली गोळी आली, ती त्याच्या मानेत. आम्ही चौघे दगडाआड वाचलो. हेलिकॉप्टर येण्याआधीच तो गेला. रिपोर्टमध्ये मी कोतवालाचं काही लिहिलं नाही. ते आजही मला खातं.

रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात मी उंबरमाळीला जातो. यंदा त्याच्या बाबांबरोबर लाकडं आणायला रानात गेलो. कोतवाल ओरडला. बाबांनी कोयता खाली ठेवला आणि बसले. मीही बसलो.

"तिकडं कोतवाल नव्हता का रे?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"होता."

"वरडला?"

"ओरडला, बाबा."

"मंग माझा पोर बसला नाय?"

"बसला होता. मीच उठवला."

थोड्या वेळाने कोतवाल गप झाला. आम्ही दोघं उठलो नाही.