गळकी टाकी आणि तहकूब सभा

सकाळी बैठकीत पाय टाकला तो थेट पाण्यात. मी आधी ओरडले आणि मग विचार केला. माझा क्रम जन्मापासून हाच आहे. "कुणी सांडलं? कुणी सांडलं म्हणते मी!" त्या दुष्काळाच्या साली नांदूरघाटच्या अलीकडच्या आमच्या गावात एक वेळ तूप सांडलेलं चाललं असतं, पण पाणी नाही. टँकर येईल तेव्हा येईल, आणि आला की अर्धवट जेवण टाकून पळायचं, असे ते दिवस होते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धावत आल्या. त्यांनी माठ बघितला, कळशी बघितली, मग संशयानं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात टप्प असा आवाज झाला. कोपऱ्यातल्या माशांच्या काचेच्या टाकीचा खालचा सांधा गळत होता. आत्याबाईंनी लगेच खाली पातेलं सरकवलं. माशांची त्यांना काही पडलेली नव्हती, पाणी वाया जात होतं ते बघवेना. "भांडे घासायला व्हईल," त्या म्हणाल्या.

ती टाकी माझ्या सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते. गावच्या दूध सोसायटीचे ते सचिव होते आणि अख्खं आयुष्य त्यांनी त्या सोसायटीत घातलं. पहाटे दूध घालायला रांग लागायची. मामा एकेकाचं दूध मापून घ्यायचे आणि आवाज द्यायचे, "हां, पुढं!" तो आवाज वेशीपर्यंत जायचा. त्यामुळं आमच्या गल्लीत कुणी घड्याळाला गजर लावत नसे. मग चारा संपला, गुरं छावणीला गेली, काही बाजारात गेली, दूध आटलं आणि सोसायटीला कुलूप लागलं. निरोपाला लोकांनी शाल-नारळाऐवजी ही टाकी दिली, कारण अंबाजोगाईच्या एका दुकानासमोर मामा मासे बघत एस.टी. चुकेपर्यंत उभे राहिले होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्या सोनेरी माशांना मामा 'सभासद' म्हणत. कुलूप लागल्यापासून आमच्याशी त्यांचं बोलणं "हं" आणि "न्हाई" यावर आलं होतं. सभासदांशी मात्र ते बोलायचे. "काय सभासद, जेवले का? तुमी कावून कोपऱ्यात बसलाव?" ते ऐकून मला बरं वाटायचं आणि रडूही यायचं. आणि आता तीच टाकी गळत होती. हे मासे गेले तर मामांचा उरलासुरला आवाजही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आमच्या ह्यांना मात्र काहीच अवघड दिसत नव्हतं. ह्यांचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्यांना जगातली प्रत्येक टाकी डिझेलचीच वाटते. डिझेलची टाकी झिरपली की त्या जागी धुण्याचा साबण घासून घासून भरायचा, हा आमच्याकडचा पक्का इलाज. ह्यांनी अर्धी वडी सांध्याला आतून-बाहेरून चोपडली आणि हात झटकून म्हणाले, "आता बघ, थेंब गळायचा न्हाई."

थेंब खरंच थांबला. दुपारी बघते तर टाकीत फेस! डिझेलमध्ये साबण टिकतो, पाण्यात विरघळतो, हे आमच्या ट्रॅक्टरवाल्याला टाकीनं शिकवलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. "अहो, धुणं काढलंय का माशांचं!" मी किंचाळले. मामा अनवाणी धावत आले. घरात सोसायटीचा एक जुना ॲल्युमिनियमचा दुधाचा कॅन होता. त्यात शिळं पाणी ओतून एकेक मासा चहाच्या गाळणीनं उचलला आणि सोडला. सगळे वाचले. पण कॅनचं तोंड अरुंद. मामा बॅटरी घेऊन आत डोकावत बसले. "सभासद अंधारात हायेत," एवढंच म्हणाले, आणि नंतर तेही नाही.

आमच्या घरात मोठा निर्णय सभेशिवाय होत नसे. फ्रिज घेतला तो सभेनं, माझं बी.एड. झालं ते सभेनं. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, अध्यक्ष मामा. बाहेरच्यांना हसू यायचं, पण आमच्यात त्यामुळं भांडणं कमी झाली हे खरं. दुसऱ्या दिवशी सभा बसली. विषय एकच, गळकी टाकी.

"मासे दुकानदाराला वापस देऊन टाकू," हे म्हणाले. साबणानं तोंड पोळलेला माणूस, दुसरं काय बोलणार.

"माझं बी तेच म्हणनं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तळ्यात सोडावं तर तळं कोरडं, हिरीत सोडावं तर हीर कोरडी. माणसं हंडाभर पाण्यापायी मरायलेत अन् आपुन मासे पोसायचे? लोकं काय म्हनतेन?"

"लोकांचं राहू द्या," मी फणकारले. "मामांचं काय?"

मामा खाली बघत होते. अध्यक्षानं बाजू घ्यायची नसते, हा त्यांचा नियम. त्या क्षणी मला त्या नियमाचा इतका राग आला! मतं पडली असती तर मी एकटी पडले असते. पण तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. झालं! आम्ही तिघंही घागरी उचलून पळालो. मागून मामांचा बारीक आवाज आला, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब."

टँकरला ही झुंबड. पाईप धरायला माझी कोपरं आणि आत्याबाईंचा आवाज, अशी आमची वाटणी होती. शेजारच्या घरची सून, मोठी फटकळ बाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ह्यांना दोन घागरी जास्तीच्या द्या बाई! ह्यांच्या घरी मासे पोहायलेत."

चार बायका हसल्या. आता आत्याबाई मान खाली घालतील असं मला वाटलं. घरात त्या हेच तर बोलल्या होत्या! पण घरचं माणूस बोललं तर तो सल्ला आणि शेजारीण बोलली तर तो टोमणा. आत्याबाईंनी घागर खाली ठेवली, पदर खोचला. "आमचे मासे आमच्या वाट्याचं पाणी पितेत. तुझ्या घागरीत तोंड घातलं का त्यांनी? आली मोठी!"

मी घागर घेऊन घरी आले. मामा तसेच बसलेले, समोर कॅन. मला सोसायटीचा नियम आठवला. तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरते, आणि तिला गणपूर्तीची अट नसते. एक माणूस असला तरी चालतं. मी ओल्या लुगड्यानिशी त्यांच्यापुढं बसले.

"मामा, तहकूब सभा भरली का?"

त्यांनी वर बघितलं. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत काहीतरी हललं. "भरली."

"नवी टाकी घ्यायची. सूचक मी."

"अनुमोदक?"

ते एक माझ्या ध्यानात नव्हतं. तेवढ्यात दारातून डोक्यावरच्या घागरीसकट आवाज आला, "मी हाय. पन टाकी लहान घ्यायची, सांगून ठिवते. अन् बदललेलं पाणी माझ्या तुळशीला."

अंबाजोगाईला मामा आणि मी गेलो. सोबत दुसऱ्या एका दुधाच्या कॅनमध्ये पातेल्यात साचलेलं गळक्या टाकीचं पाणी, कारण टाकी पारखून घ्यायची तर पाणी भरून बघायला पाहिजे आणि दुष्काळात दुकानदार कशाला पाणी देईल? कंडक्टरनं विचारलं, "दूध का?" मी म्हटलं, "पाणी." "मग इथं माझ्यापाशी ठिवा," तो म्हणाला, "मागं कुणी पिऊन टाकलं तर?"

दुकानदार रंगीत दिव्यांची, आत प्लॅस्टिकचा किल्ला असलेली मोठी टाकी पुढं करत होता. "काका, ही न्या, घराला शोभा येईल." मामा म्हणाले, "ठरावात लहान हाय." त्यांनी लहान टाक्यांच्या सांध्यांवरून एकेक करून बोट फिरवलं, जाड काचेची एक निवडली, खाली वर्तमानपत्र अंथरून त्यात आमचं पाणी ओतायला लावलं. आम्ही समोरच्या टपरीवर भजी खाल्ली, चहा घेतला, आणखी एक चहा घेतला. परत येऊन बघितलं तर कागद कोरडा ठणठणीत.

आत्याबाईंनी टाकी ओसरीवर ठेवायला लावली. म्हणजे गळलीच तर पाणी थेट तुळशीत. टँकर आमच्या घराजवळच थांबायचा, त्यामुळं वाट बघणाऱ्या बायका ओसरीच्या सावलीला बसू लागल्या. पहिल्यांदा नाकं मुरडून, मग टाकीकडं तोंड करून. "त्यो बघा, त्यो शेपटीवाला, लई खादाड हाय!" माशांना नावंसुद्धा पडली. मामा आत खाटेवरून ऐकत. बोलत नसत.

मग एका सकाळी ती शेजारची सून आली. हातात तांब्या, कपाळाला आठ्या. तांब्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "कालच्या टँकरचं हाय, रातभर उघडं ठिवलंय, ब्लिचिंग पावडरीचा वास गेलाय. टाकीत घाला. फुकट बघत न्हाई आमी."

तिच्यामागं अजून दोघी उभ्या होत्या, एकीच्या हातात लोटा, दुसरीच्या हातात पेला. मामा उठले. कपाटावरून दुधाचं जुनं माप काढलं, धोतराला पुसत ओसरीवर आले. तांब्यातलं पाणी मापात ओतलं, डोळ्यापुढं धरून नीट बघितलं, टाकीत सोडलं.

मग त्यांनी मान वर केली आणि वेशीपर्यंत जाईल असा आवाज दिला, "हां, पुढं!"

आत चुलीपाशी आत्याबाईंचा हात भाकरीवर थांबला. पदरानं डोळे पुसत त्या मला म्हणाल्या, "उघडली बघ सोसायटी."