छापखान्यातली व्हिस्की

मी वाचायला शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. गोंदियातल्या ज्या छापखान्यात ती छापली जायची, तिथेच माझी पहिली पुस्तिका छापायला दिली होती. एका दुपारी छापखान्याच्या मालकांनी, काकांनी, बोलावलं. टेबलावर माझे कागद आणि शेजारी एक बाटली.

"पच्चीस साल पुरानी," काका म्हणाले. "शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. भाच्यानं स्कॉटलंडहून आणली. तुझ्या पहिल्या किताबची खुशी, बेटा."

मग एक पान त्यांनी बाजूला सरकवलं. "हे तेवढं काढ. बाकी सब बढिया."

त्या पानावर माझी सालेकशाची आत्या होती. तिची मोहाची दारू, आणि ती गाळायची मडकी फोडून गेलेले पोलीस.

"काऊन काढू?"

"दारूचा प्रचार वाटते लोकायले," म्हणत त्यांनी माझ्या ग्लासात व्हिस्की ओतली.

मला हसू फुटलं. काकांना कळेना, काय झालं.

ग्लासात तेल दिलेल्या सागवानी फळीचा रंग. "आधी वास घे," ते म्हणाले. घेतला, आणि थेट आत्याच्या अंगणात पोचले. चटईवर वाळणारी, सुरकुतलेली मोहफुलं. तोच जड, गोड वास.

"मनुका, अंजीर," काका शिकवत होते.

"मोहफुलं."

"छी! कुठं हे, कुठं ते!"

मी बोट बुडवलं आणि चार थेंब जमिनीवर शिंपडले. आमच्याकडे पहिला घोट पूर्वजांचा असतो.

"अवं, काय करून राहिली! पच्चीस साल फरशीवर!"

"आमच्या आजापणज्यायनं कधी शेरीचं पिंप पाह्यलं नाही, काका. त्यायलेबी कळू द्या."

मग प्याले. खोटं कशाला सांगू, उत्तम होती. संत्र्याची साल, लवंग, जुनं लाकूड. घोट उतरला तरी चव जिभेवरून हलेना. पंचवीस वर्षं ती राखणाऱ्याबद्दल मला आदरच वाटला. तसाच आदर पहाटे टोपलं घेऊन मोह वेचणाऱ्या माझ्या आत्याला का नाही, एवढंच त्या पानावर विचारलं होतं.

"पान राहील," मी म्हणाले.

"मग मी नाही छापणार."

"नका छापू."

कागद उचलले आणि निघाले. पुस्तिका शेवटी बसस्टँडसमोर झेरॉक्स करून, हातानं शिवून वाटली. अक्षरं जरा फिकट आली आहेत. पहिलंच पान आत्याचं आहे.