सहादेव कोतवालाची खोटी ठरलेली दवंडी

प्रभुदास मास्तरांनी वर्तमानपत्रातली बातमी अर्धी वाचली आणि उरलेली स्वतःच्या डोक्याने पुरी केली, तिथेच घोळ झाला. नारायणगावजवळ आर्वीला सरकारने आभाळाकडे तोंड केलेली भली थोरली छत्री उभारली आहे, एवढेच त्यांनी वाचले. आभाळाकडे तोंड म्हणजे दुर्बीणच, हे मास्तरांचे अनुमान. त्यांनी लगोलग सहादेव कोतवालाला गाठले. संध्याकाळी तिसगावच्या वेशीत हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका. रविवारी सकाळी सहलीची गाडी जानार हाय. आर्वीच्या दुर्बिनीतून चांद हातावर दिसंल हो."

सहादेव बावीस वर्षं दवंडी देत होता. अंगाने काटकुळा, बोलायला कंजूष. पण पाण्याची पाळी म्हणा, टोळधाड म्हणा, हरवलेली म्हैस म्हणा, त्याने सांगितले ते खरे निघायचे. म्हणून भर दुपारी चांद कसा दिसणार, हे एकानेही विचारले नाही.

आर्वीची छत्री पाहून मंडळी गारच पडली. तिच्यात आख्ख्या गावाचे जेवण शिजले असते. तेवढ्यात एक साहेब बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "इथून काही दिसत नाही हो. उपग्रहाकडून आलेलं बोलणं आम्ही पकडतो. परदेशचे फोन लागतात."

चंद्रावर माणसे गेलेलीच नाहीत, असे म्हणत गोजरबाई सुनेशी भांडून आली होती. तिला वर पावले उमटलीत का तेवढे पाहायचे होते. तिने कमरेवर हात ठेवले.

"काय रं सहादेवा, पाच तास गाडीत हाडं मोडून घेतली. कुटं हाय चांद?"

गोजरबाई तेवढ्यावर थांबली नाही.

"आता दे देवीच्या लशीची दवंडी. बगू कोन दंड पुढं करतंय."

लोक हसले. सहादेव हसला नाही. लस टोचणारे पुढच्याच आठवड्यात यायचे होते. जेवताना मास्तरांनी त्याच्यापुढे सुकट सरकवली, "विज्ञानात असं व्हायचंच," असेही सांगून पाहिले. त्याने भाकरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दाढी करत होते, तोच चावडीपाशी हलगी वाजली.

"ऐका हो ऐका. आर्वीला दुर्बीन न्हाई. चांदाची दवंडी खोटी हुती. प्रभुदास मास्तरानं सांगितली आन् म्या न इचारता दिली हो."

मास्तर अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावले. सहादेव चामडे ताणायला चिपाडाच्या जाळावर हलगी शेकत होता. अजून मारुतीचा पार आणि बाजारतळ राहिला होता.

"सहादेवभाऊ, चूक झाली म्हणा की खुशाल. पण माझं नाव कशाला? शाळेतली पोरं ऐकतात."

सहादेवाने हलगीवर बोट वाजवून पाहिले.

"बिननावाच्या दवंडीला आवई म्हनत्यात, मास्तर."